व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार घडवून घेताना

प्रश्न असा आहे : "मी साताऱ्यात राहतो आणि गेली सहा वर्षे ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. बीटल्स बँडचे पॉल मॅकार्टनी वाजवतात ती हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस मला फार आवडते. तशीच, पण माझ्या हाताला आणि आमच्या कार्यक्रमांना साजेशी एक बेस आपल्याकडच्या कारागिराकडून करून घ्यायची आहे. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांकडे हे काम होईल का? ऑर्डर देताना काय काय ठरवून घ्यावे?"

मिरजेत तंतुवाद्यांच्या कामात माझी तीस वर्षे गेली. त्यांतली पहिली बारा सतारी-तंबोऱ्यांच्या कामात आणि पुढची गिटार घडवण्यात व दुरुस्त करण्यात. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो : मोबाइलमधले छायाचित्र कारागिरापुढे धरून "अशीच करून द्या" असे म्हणू नका. गाजलेल्या वाद्याचा आकार सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, पण आवाजात आणि वाजवण्याच्या सुखात त्याचा वाटा सर्वांत कमी असतो. तुम्हाला त्या वाद्यातले नेमके काय हवे आहे, हे आधी ठरले पाहिजे आणि ते मिलिमीटरमध्ये कागदावर उतरले पाहिजे.

याचा दाखला इतिहासातच आहे. व्हायोलिनच्या आकाराची विजेवर चालणारी बेस हॉफ्नरच्याही आधी, 1953 साली, अमेरिकेत गिब्सन कंपनीने बाजारात आणली होती. तिची बॉडी महॉगनीच्या भरीव लाकडाची होती आणि स्केल लेन्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेतीस इंच होती. त्यानंतर जर्मनीत वॉल्टर हॉफ्नर यांनी जवळजवळ त्याच बाह्यरेषेत 500/1 हे मॉडेल तयार केले आणि 1956 मध्ये ते फ्रँकफर्टच्या वाद्यमेळ्यात मांडले. ही बॉडी मात्र खऱ्या व्हायोलिनसारखी आतून पोकळ होती : वरचा पाट स्प्रूसचा, मागचा पाट आणि कडा मेपलच्या. दोन्ही वाद्यांच्या सावल्या भिंतीवर सारख्या पडतील, पण एकीचा आवाज जड आणि घट्ट येतो, तर दुसरीचा गोल, लाकडी, उमटून लगेच विरणारा. मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला हॉफ्नर घेतली, त्यामागे आवाजाइतकीच व्यवहाराचीही कारणे होती. ती त्यांच्या खिशाला परवडणारी होती, आणि ते डावखुरे असल्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखे असलेले वाद्य उलटे धरले तरी विचित्र दिसत नव्हते. म्हणजे ज्या आकाराच्या आपण प्रेमात पडतो तो त्यांनी त्यांच्या अडचणींवरचे उत्तर म्हणून निवडला होता. तुमच्या अडचणी वेगळ्या असतील, तर उत्तरही थोडे वेगळे निघेल.

आता त्या आवाजाचे घटक पाहू. यांत सर्वांत महत्त्वाची, आणि ग्राहक सर्वांत कमी विचारतात ती गोष्ट म्हणजे स्केल लेन्थ, म्हणजे नटपासून (नेकच्या, म्हणजे दांडीच्या, वरच्या टोकावरची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (बॉडीवरची घोडी), तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी. अमेरिकेतले गिटार-निर्माते लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस काढली, तेव्हापासून 34 इंच, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर, हे माप सर्वत्र रूढ झाले. तुम्ही सध्या वाजवता ती बेस बहुधा याच मापाची असणार. हॉफ्नरचे माप 30 इंच, म्हणजे 762 मिलिमीटर आहे. चार इंचांचा हा फरक ऐकायला लहान वाटतो. तीच तार त्याच स्वरात लावायची असेल तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे 34 वरून 30 वर येताना ताण सुमारे 22 टक्क्यांनी उतरतो. तार बोटाखाली मऊ लागते, स्वर फुगीर आणि गोल होतो, खालच्या ई तारेचा कणखरपणा कमी होतो. तुम्हाला आवडलेल्या आवाजाचा मोठा भाग या सैलपणात आहे. बॉडी व्हायोलिनची आणि स्केल 34 इंचांचे अशी मागणी केलीत, तर मिळेल ते वाद्य चांगलेही असू शकेल, पण ते तुमच्या मनातले नसेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. काही वर्षांपूर्वी सांगलीच्या एका तरुणासाठी मी याच आकाराची बेस केली. लांब स्केलच्या तारा सहज मिळतात, त्याच्या हाताला तेच माप सवयीचे होते, म्हणून मी 34 इंचांचा नेक बसवला. रंगकाम सुरेख उतरले होते. तो घ्यायला आला, पट्टा खांद्यावर टाकून उभा राहिला आणि त्याने डावा हात सोडला, तसा नेक हळूहळू खाली झुकत जमिनीकडे गेला. त्याने तो वर उचलला, पुन्हा सोडला, पुन्हा तेच झाले. पोकळ, हलकी बॉडी, लांब नेक, टोकाला चार जाड लोखंडी खुंट्या, आणि व्हायोलिनच्या आकारात पट्टा अडकवण्यासाठी पुढे आलेले शिंग नाही. असे असल्यावर तोल जाणारच. तीन तासांच्या कार्यक्रमात ज्या हाताने स्वर दाबायचे, त्याच हाताने वाद्य पेलून धरावे लागते. मी हलक्या खुंट्या बसवल्या, पट्ट्याचे बटण नेकच्या बुंध्यामागे सरकवले, तरी पूर्ण समाधान झाले नाही. शेवटी 30 इंचांचा नवा नेक माझ्या खर्चाने करून दिला. तेव्हापासून कोणत्याही ऑर्डरमध्ये मी तोलाची अट लेखी घालतो : पट्ट्यावर टांगलेले वाद्य हात सोडल्यावर आडवे किंवा किंचित वर राहिले पाहिजे. ही अट तुम्हीही घाला. मूळ वाद्य अडीच किलोंच्या आत भरते, भरीव बॉडीची बेस चार किलोंच्या आसपास जाते. म्हणून वजनाची मर्यादाही सोबत लिहून घ्या.

दुसरा घटक ब्रिजचा. हॉफ्नरचा लाकडी ब्रिज पाटाला स्क्रूने जखडलेला नसतो. तो तारांच्या दाबाने पाटावर उभा राहतो आणि तारा मागे, बॉडीच्या कडेला अडकवलेल्या टेलपीसला बांधलेल्या असतात. सतार-तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचे तर घोडी आणि लंगोट, म्हणून मिरजेच्या कारागिराला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. पण एक व्यावहारिक पेच आहे. ब्रिजच्या मागे टेलपीसपर्यंत तारेला आणखी काही इंच जावे लागते, त्यामुळे बाजारातल्या 'शॉर्ट स्केल' म्हणून मिळणाऱ्या तारा पुष्कळदा कमी पडतात. जाड वेटाळलेला भाग नटपर्यंत पोहोचतच नाही आणि बारीक झालेले टोक नटवर येऊन बसते. म्हणून तारांचा संच आधी विकत घ्या, त्या वेटाळ्याची लांबी मोजा, आणि टेलपीसची जागा त्यावरून ठरवायला सांगा. तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने वेटाळलेल्या घ्या. गोल वेटाळ्याच्या चकचकीत तारा लावून हा आवाज येणार नाही, मग लाकूड कोणतेही असो.

पिकअपच्या, म्हणजे तारेचे कंपन उचलून विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाच्या, जागेबद्दल मॅकार्टनी यांच्या दोन बेस पाहाव्यात. 1961 च्या वाद्यात दोन्ही पिकअप नेकच्या बाजूला एकमेकांजवळ बसवलेले होते. 1963 मध्ये मिळालेल्या दुसऱ्या वाद्यात एक नेकजवळ आणि एक ब्रिजजवळ होता. (पहिले वाद्य 1972 मध्ये चोरीला गेले होते, ते सापडून त्यांना परत मिळाल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले.) तार ब्रिजपासून दूर जास्त झुलते, म्हणून नेकजवळचा पिकअप भरदार, खोल स्वर उचलतो. ऑर्केस्ट्रात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांच्या गर्दीत बेसचा स्वर वेगळा कळला पाहिजे, यासाठी मी तुम्हाला 1963 ची मांडणी सुचवीन. नेकजवळचा पिकअप पायाभूत आवाजासाठी, आणि ब्रिजजवळचा हवा तेवढाच मिसळण्यासाठी.

पोकळ बॉडीचा एक धोका मात्र तुमच्या कामात रोजचा आहे. मंडपात मोठे स्पीकर वाजवणाऱ्याच्या पाठीशीच असतात. त्यांच्या आवाजाने पोकळ खोका थरथरतो, खोका तारेला हलवतो, पिकअप ते पुन्हा उचलून स्पीकरला देतो आणि घूं असा न थांबणारा आवाज सुरू होतो. घरात किंवा रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्याला मी पूर्ण पोकळ बॉडीच करून देतो. तुम्हाला मात्र ब्रिजच्या खाली, वरच्या आणि मागच्या पाटाला जोडणारा हलक्या लाकडाचा ठोकळा घालून घ्या असे सांगेन. त्याने आवाजातला पोकळ घुमारा थोडा कमी होतो, हे खरे आहे. पण गणेशोत्सवाचे दहा दिवस वाद्य हाताबाहेर जाणार नाही. प्रसिद्ध वाद्यापासून दूर जाण्याची ही योग्य जागा आहे, कारण इथे तुमची गरज मूळ वाद्याच्या गरजेपेक्षा वेगळी आहे.

आता मिरजेचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शिकलगार घराण्यांनी इथे सतारी आणि तंबोरे घडवले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्यही याच गावात होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लाकडाची पारख, पातळ पाट न फोडता आकाराला आणणे, जोड बेमालूम बसवणे, चपड्याचे पॉलिश, कडेची नक्षी, या बाबतींत इथल्या कारागिराच्या हाताला तोड नाही आणि पोकळ बॉडीच्या बेससाठी हीच कौशल्ये लागतात. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद पाटावर बोटाच्या पेराने टकटक करत आणि जिथे आवाज बसका येई तिथे पेन्सिलीने खूण करत. मग रंधा तेवढ्याच जागी फिरे. स्प्रूसचा पाट करताना मी आजही तेच करतो.

मात्र एका मूलभूत बाबतीत सतार आणि गिटार वेगळ्या आहेत. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. वाजवणारा ते कानाने ऐकून सरकवतो आणि कारागिराच्या मापात केसभर फरक राहिला तरी तो निस्तरतो. गिटारचा फ्रेट, म्हणजे धातूचा पडदा, एकदा करवतीने पाडलेल्या खाचेत ठोकला की कायमचा. इथे गणित चालते. उरलेल्या लांबीला 17.817 ने भागत जायचे, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट : 762 मिलिमीटरच्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून 42.8 मिलिमीटरवर, पाचवा 191.1 वर, सातवा 253.4 वर आणि बारावा बरोबर मध्ये 381 वर येतो. प्रत्येक फ्रेट आधीच्या फ्रेटपासून मोजत गेले, तर दर वेळची 0.2 मिलिमीटरची चूक साठत जाऊन बाराव्या फ्रेटवर जवळजवळ अडीच मिलिमीटर होते, आणि तिथला स्वर अकरा सेंटनी, म्हणजे सेमीटोनच्या (लगतच्या दोन फ्रेटमधल्या स्वरांतराच्या) एक नवमांशाने ढळतो. कीबोर्डबरोबर वाजवताना हे लगेच कानाला टोचते. म्हणून सर्व मापे नटपासूनच घेतलेली असावीत. कारागिराने आधी गिटारचे काम केलेले आहे का, फ्रेटच्या खाचा कशाने पाडतो, नेकमध्ये ट्रस रॉड (तारांच्या ताणाने नेक वाकू न देणारी धातूची सळई) बसवतो का, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारा. उत्तरे समाधानकारक नसतील तर बॉडी एकाकडून आणि नेक गिटारच्या कारागिराकडून असे काम वाटून घेता येते. मात्र दोघांनी एकाच पूर्ण मापाच्या आराखड्यावर काम केले पाहिजे, आणि नेकचा जोड बसवण्याची जबाबदारी कोणाची हे आधी ठरले पाहिजे.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो. स्प्रूस आणि मेपल बाहेरून मागवावे लागते. मूळचा आवाज अगदी जवळून हवा असेल तर वरचा पाट तरी स्प्रूसचा ठेवा. मागच्या पाटाला आणि कडांना तंबोऱ्यासाठी वापरतात ते तूनचे लाकूड मी वापरले आहे, आणि निकाल चांगला आला आहे. नेक तीन पट्ट्या चिकटवून करावा, एकसंध लाकडाचा नको. सागवान किंवा शिसम वापरले तर त्यांतल्या तेलामुळे गोंद धरत नाही, म्हणून जोडण्याच्या आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसलेला असावा. पण कोणत्याही जातीपेक्षा लाकडाचा सुकेपणा महत्त्वाचा. मॉइश्चर मीटरवर आठ ते दहा टक्के दिसल्याशिवाय मी लाकडाला हात लावत नाही, आणि आषाढ-श्रावणात पाट चिकटवण्याचे काम तर करतच नाही. दमट हवेत फुगलेल्या अवस्थेत चिकटवलेला पाट फाल्गुन-चैत्रात आकसतो आणि कडेच्या जोडाशी चिरतो. साताऱ्याचा पावसाळा आणि तिथला एप्रिल यांतला फरक तुम्ही जाणताच. कारागीर "पावसाळ्यानंतर सुरू करू" म्हणाला, तर ते टाळाटाळीचे लक्षण समजू नका.

तुमचा हात हे शेवटचे माप. फेंडरच्या जॅझ बेसचा नेक नटपाशी 38 मिलिमीटर रुंद असतो, व्हायोलिन बेसचा 42 च्या आसपास. माझ्याकडे येणाऱ्याला मी त्याची सध्याची बेस घेऊन यायला सांगतो, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी नेकभोवती कागदाची पट्टी लपेटून घेर घेतो, जाडी कॅलिपरने मोजतो आणि विचारतो की तिसऱ्या तासाला दुखते ते अंगठ्याच्या मुळाशी की मनगटात. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर नेक बहुधा फार पातळ असतो, पकड घट्ट आवळावी लागते. अशा वेळी मी पाठीमागची गोलाई थोडी वाढवतो.

विजेच्या कामात दोनच आग्रह धरा. पिकअप हमबकर, म्हणजे विजेची गुरगुर दाबणाऱ्या, जातीचे असावेत आणि सर्किटच्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडलेली असावी, कारण जनरेटर आणि लाइटच्या डिमरमुळे मंडपात गुरगुर हमखास येते. सर्किट पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारे, ठेवा, म्हणजे कार्यक्रमाच्या मध्यावर बॅटरी संपण्याची चिंता नाही.

नावाबद्दल मात्र मी कडक आहे. हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या खुंट्या असलेल्या टोकावर, हॉफ्नरचे नाव किंवा चिन्ह लावून देण्याची विनंती दर वर्षी कोणीतरी करतो आणि मी दर वर्षी नकार देतो. भारतात डिझाइनच्या नोंदणीला जास्तीत जास्त पंधरा वर्षे संरक्षण मिळते, पण ट्रेडमार्कची नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ टिकवता येते. त्यामुळे बाह्यरेषेवरून स्फूर्ती घेणे आणि दुसऱ्याचे नाव लावणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. हेडस्टॉकचा आकार तुमचा स्वतःचा काढून घ्या. त्यावर घडवणाऱ्याचे नाव आणि वर्ष असावे. पुढे कधी वाद्य विकले गेले, तरी घेणाऱ्याची फसवणूक होणार नाही, आणि ज्याने महिनोन् महिने त्या लाकडावर हात फिरवला त्याचे नाव त्यावर राहील.

व्यवहार लेखी करा. स्केल, नटची रुंदी, वजनाची मर्यादा, तोलाची अट, लाकडे, पिकअपची जागा, तारांचा संच आणि मुदत, एवढे एका कागदावर बसते. पैसे तीन टप्प्यांत द्यावेत : लाकूड आणि सुटे भाग घेण्यासाठी पहिला, कच्च्या चाचणीनंतर दुसरा, आणि पूर्ण झाल्यावर तिसरा. यांतली कच्ची चाचणी कोणत्याही परिस्थितीत सोडू नका. पॉलिश करण्यापूर्वी, लाकूड उघडे असतानाच तारा चढवून वाद्य किमान आठवडाभर ताणाखाली ठेवायचे असते आणि तुम्ही येऊन ते उभ्याने, पट्ट्यावर, निदान तासभर वाजवायचे असते. नेक जाड वाटला, तार उंच लागली, बाराव्या फ्रेटवर स्वर चढला, तर त्या वेळी कानसने किंवा ब्रिज सरकवून दुरुस्ती होते. पॉलिशचे थर चढल्यावर तीच दुरुस्ती करायची म्हणजे सगळे पॉलिश खरवडणे आले. या कामाला माझ्याकडे साधारण सहा ते आठ महिने लागतात. "महिन्यात देतो" म्हणणाऱ्याकडे लाकूड किती सुकलेले आहे, ते मीटर लावून पाहा.

दसऱ्यानंतर एखाद्या दिवशी साताऱ्याहून सकाळच्या रेल्वेने मिरजेला या. सोबत तुमची सध्याची बेस, तिचा पट्टा, आणि तुम्हाला जसा आवाज हवा आहे तशी दोन गाणी आणा. त्यांतले एक तुमच्याच कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेले असावे. दोन-तीन कारागिरांकडे जाऊन त्यांनी केलेली वाद्ये हातात घेऊन पाहा, पट्ट्यावर टांगून हात सोडून पाहा, आणि मग आराखडा कोणाकडून काढून घ्यायचा ते ठरवा.